ओसाड बघायला एवढ्या लांब?

मोरोक्कोहून परत आल्यावर आत्याकडे खजुराचा डबा द्यायला गेलो होतो. आत्याने डबा उघडला, एक खजूर तोंडात टाकला, बी हातावर घेतली आणि विचारलं, "काय काय बघितलंस?" मी म्हटलं, जुनी शहरं, डोंगर, आणि शेवटी वाळवंट. "म्हंजी वसाडच की! आरं, वसाड बघायला एवढ्या लांब कशाला जायचं? एप्रिलात आपल्या माळावर उभं राहायचं."

घरातली सगळी हसली, मीही हसलो. पण खरं सांगायचं तर प्रश्न चांगला होता आणि त्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. घरी येऊन विचार करत बसलो. ते उत्तर म्हणजे हे लिखाण. (आत्या वाचणार नाही, पण तिच्या सुना वाचून दाखवतील, म्हणून जरा जपून लिहितोय.)

आमच्या बारामती-इंदापूर भागातून परदेशी जाणाऱ्यांची संख्या हल्ली बरीच वाढली आहे. उसाचं बिल, द्राक्षाचा एखादा चांगला हंगाम, नाहीतर मुलगा तिकडे नोकरीला. जाणारे कुठे जातात? स्वित्झर्लंड, नाहीतर दुबई. एका ठिकाणी बर्फ आणि दुसऱ्या ठिकाणी काच. बर्फात उभं राहून, हात पसरून काढलेला फोटो आमच्या तालुक्यात कमीत कमी शंभर दिवाणखान्यांत लावलेला असेल. त्यात वाईट काही नाही. ज्याने आयुष्यभर उन्हात दारं धरली त्याला बर्फ बघावासा वाटला तर मी कोण बोलणार? पण त्या फोटोतल्या माणसाला विचारा की तिथला शेतकरी पाणी कुठून आणतो, गाय कधी डोंगरावर नेतो, जमीन कोणाच्या नावावर असते. त्याला सांगता येणार नाही. दोष त्याचा नाही. तो देशच त्याच्यापासून इतका लांबचा आहे की बघायचं काय हेच कळत नाही. मग माणूस फक्त "वा वा" करतो आणि दुकानात शिरतो.

माझं मत असं की कोरडवाहू माणसाने एकदा तरी कोरडा देश बघावा. आणि तो अशा मित्रांबरोबर बघावा ज्यांना आपल्या विहिरीची खोली माहीत आहे.

आम्ही चौघे. चौघेही १९७२ सालचे, म्हणजे दुष्काळातली पोरं. आई खडी फोडायला जायची आणि आम्ही झाडाला बांधलेल्या झोळीत, असं चौघांच्याही घरी सांगतात. (डॉक्टरच्या घरची परिस्थिती बरी होती, तो उगाच आमच्यात घुसतो असा आमचा आरोप आहे.) नावं लिहीत नाही, तशी ताकीद आहे. एक डॉक्टर. एक मास्तर, ज्याचं मूळ घर उजनीच्या पाण्याखाली आहे आणि गळ्यात तुळशीची माळ. एक बागायतदार, बारा एकर ऊस. आणि मी, बारामतीला नोकरी आणि तालुक्यात अडीच एकर डाळिंब. माझी आणि बागायतदाराची शेतं एकाच चारीवर आहेत. नीरा डाव्या कालव्याच्या या चारीवर तो वर आणि मी टेलला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

उत्तर आफ्रिका मास्तरने सुचवली. मीना प्रभूंचं 'इजिप्तायन' वाचल्यापासून त्याच्या डोक्यात इजिप्त होतं. पण डॉक्टरने नकाशा पुढे ठेवला आणि म्हणाला, इजिप्त म्हणजे एक नदी आणि दोन्ही बाजूंना वाळू. मोरोक्कोत समुद्र, शहरं, बर्फाचे डोंगर आणि वाळवंट एकाच रस्त्यावर लागतात. ठरलं. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान केलं, शाईचं बोट घेऊन दुसऱ्या दिवशी मुंबईहून निघालो. आखातात विमान बदललं आणि कासाब्लांकाला उतरलो. निकालाच्या दिवशी तिथल्या पहाटे साडेतीनला चौघे एका खोलीत फोनभोवती बसलेलो. इंदापूरची मतमोजणी आणि कासाब्लांकाचं हॉटेल! खालच्या मजल्यावरच्या माणसाने दोनदा दार वाजवलं.

कासाब्लांकाबद्दल फार लिहीत नाही. समुद्राच्या पाण्यावर भराव घालून बांधलेली हसन दुसरे यांची मशीद, १९९३ ची, तिचा मनोरा दोनशे मीटरच्या आसपास. मान दुखेपर्यंत पाहिला. बाकी शहर म्हणजे शहर.

फेस मात्र वेगळं. (फेझ म्हणा किंवा फास, तिथली माणसं फासच म्हणतात.) जुनं गाव हजार-बाराशे वर्षांचं, आणि त्यात मोटार शिरू शकत नाही. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून गाढव आलं तर भिंतीला चिकटावं लागतं. गाढववाला "बालाक, बालाक" ओरडत येतो, म्हणजे आपलं "सरका, सरका". गॅसची टाकी गाढवावर, कातडी गाढवावर, शीतपेयाचे खोके गाढवावर. आमच्या लहानपणी इंदापूरच्या बाजारात गाढवं होती, आता मुलांना ती चित्रात दाखवावी लागतात. इसवी सन ८५९ मध्ये फातिमा अल-फिहरी नावाच्या बाईने स्थापन केली असं सांगतात ती करावियीन मशीद आणि विद्यापीठ तिथेच आहे. आत जाता येत नाही, दारातून दिसतं तेवढं पाहायचं. मास्तर त्या दारात बराच वेळ उभा होता. नंतर म्हणाला, "बाईने काढलेली शाळा साडेअकराशे वर्षं चालते आणि आमच्या झेडपीच्या शाळेची पटसंख्या अकरा."

पण फेसमध्ये मला खरं आवडलं ते वेगळंच. गल्लीच्या कोपऱ्या-कोपऱ्यावर भिंतीत बसवलेले पाण्याचे नळ. भोवती निळ्या-हिरव्या फरशांची नक्षी, खाली दगडी कुंडी. नदीचं पाणी वळवून, पाटा-नळांनी घराघरात, मशिदीत, हमामात पोचवण्याची व्यवस्था या गावाने मध्ययुगातच केली होती. म्हणजे पाण्याला त्यांनी देव्हारा केला आहे. आमच्याकडे पाण्याच्या टाकीवर काय असतं? पुढाऱ्याचं नाव.

जेवणाचं एक सांगतो, कारण घरचे पहिल्यांदा तेच विचारतात. मास्तर माळकरी, त्यामुळे त्याचे हाल होतील अशी भीती होती. हाल झाले नाहीत. भाज्यांचं ताजीन मिळतं, ऑलिव्ह आणि जाड भाकरीसारखा खोब्ज सगळीकडे मिळतो, आणि सकाळी गाड्यावर बिसारा मिळतो. सुक्या बाकल्याच्या शेंगदाण्यांची, म्हणजे दाण्यांची घट्ट आमटी, वरून जिरेपूड आणि ऑलिव्हचं तेल. पिठल्याची चुलत बहीणच. मास्तरने त्यात घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी कालवली आणि गाडेवाल्यालाही चाखवली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तो हसत होता.

फेसहून दक्षिणेला निघालं की आधी देवदाराची जंगलं लागतात, माकडं लागतात (शेपूट नसलेली), मग डोंगर उघडे होत जातात. मिदेल्तला सफरचंदाच्या बागा. त्यानंतर झीझ नदीची दरी. वरून पाहिलं तर दोन्हीकडे तांबडे-भुरके कडे आणि मध्ये खजुराच्या झाडांची हिरवी पट्टी, नदीच्या वळणाने वळत गेलेली. गाडी थांबवून आम्ही उतरलो. बागायतदार पहिल्यांदा गंभीर झाला. "हिरवं बघ कुठं थांबतंय ते," तो म्हणाला. आणि खरंच, जिथे पाट संपतो तिथे हिरवं सुरीने कापल्यासारखं संपतं. एका पावलावर झाड आणि पुढच्या पावलावर दगड. स्वित्झर्लंडला त्याला हे दिसलं नसतं. तिथे हिरवं संपतच नाही.

आमचा ड्रायव्हर झागोराकडचा, आमाझिग. बर्बर म्हटलेलं त्यांना आवडत नाही, कारण तो शब्द बाहेरच्यांनी दिलेला. त्यांच्या भाषेला २०११ च्या घटनेने राजभाषेचा दर्जा दिला, त्यामुळे पाट्या आता अरबी, फ्रेंच आणि त्यांच्या तिफिनाग लिपीत. त्याचं फ्रेंच, डॉक्टरचं इंग्रजी आणि दोघांचंही हिंदी सिनेमाचं ज्ञान, एवढ्यावर दहा दिवस उत्तम संवाद चालला. शाहरुख खान हे तिकडे पासपोर्टइतकंच उपयोगी पडतं.

वाळवंटाबद्दल लोकांना खूप उत्सुकता असते, म्हणून थोडक्यात. मेर्झुगा गावाजवळ एर्ग शेब्बीच्या वाळूच्या टेकड्या आहेत, दीडशे मीटरपर्यंत उंच. उंटावर बसलो, मांड्या दुखल्या, सूर्यास्त पाहिला, तंबूत झोपलो. सगळं फोटोत असतं तसंच. नवल होतं ते दुसरं. टेकड्यांच्या पायथ्याशी तळं होतं! सप्टेंबर २०२४ मध्ये मोरोक्कोच्या दक्षिणेत दोन दिवसांत असा पाऊस झाला की तागुनीतसारख्या वाळवंटातल्या गावात चोवीस तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पडला. ताता भागात पुरात माणसं गेली, आणि कित्येक वर्षं कोरडी पडलेली तळी भरली. वाळवंट बघायला गेलेले इंदापूरकर तळ्याच्या काठावर उभे. तिथे ओल्या वर्षी रोहित पक्षी उतरतात असं ड्रायव्हर म्हणाला. मास्तर लगेच म्हणाला, "आमच्याकडेही येतात. माझ्या घरावर." त्याचं म्हणणं शब्दशः खरं आहे. उजनी १९८० साली पूर्ण झाली, आणि भिगवणच्या बाजूला जिथे आज पुण्या-मुंबईचे लोक नावेत बसून रोहित पक्ष्यांचे फोटो काढतात, तिथे खाली गावं होती. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणेमध्ये गेलं, पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं, तेव्हा मास्तर चपला काढून त्या चिखलात चालत गेला होता. असो.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

मेर्झुगाहून एरफुदवरून पश्चिमेकडे जाताना जोर्फ नावाच्या गावाजवळ रस्त्याच्या कडेला मातीचे ढीग दिसायला लागतात. वारुळासारखे, पण मध्ये खड्डा असलेले, आणि सरळ रांगेत. एक रांग, दुसरी, तिसरी, नजर पोचेल तिथपर्यंत. हे खत्तारा. डोंगराच्या पायथ्याशी जिथे भूजल वर असतं तिथे आई-विहीर खणायची, आणि तिथून अगदी हलक्या उताराने जमिनीखालून बोगदा काढत काढत काही किलोमीटरवरच्या शेतापर्यंत आणायचा. दर थोड्या अंतरावर वरून एक विहीर, गाळ काढायला आणि हवेला. ते ढीग म्हणजे त्या विहिरींतून काढलेली माती. मोटर नाही, वीज नाही, उन्हाने वाफ होत नाही. पाणी आपल्या पायांनी चालत शेतावर येतं.

आम्ही एकात उतरलो. पर्यटकांसाठी पायऱ्या केलेल्या आहेत. आत गार, ओणवं होऊन चालावं लागतं, भिंतीवर कुदळीच्या खुणा. आणि तळाला कोरडी माती. पाणी नव्हतं. या भागातले अनेक खत्तारे असेच कोरडे आहेत. वरच्या अंगाला झीझ नदीवर १९७१ चं धरण, गावोगावी डिझेलचे आणि आता सौर पंप, आणि २०१८ नंतर ओळीने आलेली कोरडी वर्षं. पंपाने पाण्याची पातळी बोगद्याच्या खाली गेली की बोगदा संपला. पंपवाला एकटा असतो, बोगदा सगळ्या गावाचा.

मास्तर म्हणाला, हे तर नहर-ए-अंबरी! आणि बरोबरच होतं. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, जमिनीखालून असंच पाणी आणलं, असेच वर उघडणारे हवेचे उसासे ठेवून. तो मूळचा इथिओपियाचा, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि दख्खनेत येऊन निजामशाहीचा वजीर झालेला. आपले मालोजीराजे, ज्यांची गढी इंदापुरात आहे आणि जे इंदापूरच्याच लढाईत पडले, ते त्याच निजामशाहीच्या चाकरीत. म्हणजे ही विद्या आपल्याला परकी नाही. आपण ती वापरली आणि विसरलो.

वर आल्यावर एका म्हाताऱ्याने तंबूत पुदिन्याचा चहा दिला आणि पाणी कसं वाटायचे ते सांगितलं. ज्याच्या घराने खणायला जितकी मेहनत घातली तितका त्याचा वाटा, आणि वाटा पाण्यावर नाही तर वेळेवर. तुमची पाळी अमुक तास. पाळीला त्यांचा शब्द नौबा. मी चहाचा पेला खाली ठेवला. आपली 'नौबत' त्याच अरबी शब्दातून फारसीमार्गे आलेली. तिथे नौबा आली म्हणजे पाणी आलं. आपल्याकडे नौबत येते तेव्हा काय येतं ते सांगायला नको.

आणि तिथे, त्या मातीच्या ढिगावर, माझ्या तोंडून ते निघालं. मी बागायतदाराला म्हणालो, "हे आपल्या गावात असतं तर लेका, तू पहिल्या रात्री मध्येच भोक पाडलं असतंस."

तो काही बोलला नाही. मग मी पुढे गेलो. एप्रिलमधलं आवर्तन काढलं. पाटकरी सांगून गेला होता की गुरुवारी टेलला पाणी पोचेल. मी रात्रभर बॅटरी घेऊन चारीवर बसलो होतो. पाणी आलं नाही. पहाटे वर चालत गेलो तर कालव्यात पाइप टाकलेले, त्यातला एक त्याचा. मी तसाच परत आलो. नंतर टँकर विकत घेतले, तरी साडेतीनशे झाडं गेली. सात महिने आम्ही एकत्र चहा पीत होतो, लग्नांना जात होतो, मोरोक्कोची तिकिटं काढत होतो, आणि हे मी बोललो नव्हतो.

"होता माझा पाइप," तो म्हणाला. "पंधरा जणांचे होते. माझा नसता तर पाणी तुझ्यापर्यंत आलं असतं असं वाटतं तुला? चौदा जणांनी अजून थोडं जास्त ओढलं असतं." मग तोही सुटला. तुझा पगार महिन्याच्या महिन्याला येतो, तुला डाळिंब म्हणजे हौस. तेल्या आला तेव्हा तू बाग सोडून दिलीस, तुझं काय अडलं? ऊस सोडून मी काय लावू? ज्याचा भाव लावायच्या आधी माहीत असतो असं दुसरं पीक दाखव, उद्या लावतो. ज्वारी खाऊन पोरगी शिकत नाही.

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही. त्याचं गणित चूक नव्हतं, आणि माझी झाडंही मेलेलीच होती.

ड्रायव्हरने डॉक्टरला विचारलं, कशावरून भांडतायत? डॉक्टर म्हणाला, पाण्यावरून. ड्रायव्हर मान हलवून म्हणाला, मग मी मध्ये पडत नाही. आणि गाडीत जाऊन बसला.

पुढे गाडीत त्यानेच बोलायला सुरुवात केली. त्याच्या झागोराकडे पाण्याची ही अवस्था असताना कलिंगडं पिकतात, लवकर येतात, युरोपला जातात, पैसा चांगला. २०१७ साली तिथे प्यायला पाणी नाही म्हणून लोक रस्त्यावर आले होते. पुढे सरकारला कलिंगडाच्या लागवडीवर मर्यादा घालावी लागली, ताता भागात तर बंदीच. "कलिंगड कोण लावतो?" बागायतदाराने विचारलं. "ज्याच्याकडे पंप आहे तो," ड्रायव्हर म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला की त्या म्हाताऱ्याने खत्ताऱ्याची अर्धीच गोष्ट सांगितली. बोगदे खणणारे आणि गाळ काढणारे हात बहुतेक काळ्या, गरीब माणसांचे. वाटे दुसऱ्यांच्या नावावर. जो शेतात राबायचा त्याला पिकाचा पाचवा हिस्सा मिळायचा, म्हणून त्याचं नावच खम्मास, पाचवाला. त्याचे पूर्वज पाचवालेच होते.

गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मी त्या बोगद्याचं इतकं कौतुक करत होतो की त्यात कोण वाकून चालत होतं हे मला विचारावंसं वाटलं नव्हतं. बागायतदार एवढंच म्हणाला, "बघ." त्या एका शब्दात त्याने माझा सगळा हिशेब परत केला.

दोन दिवस आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो. त्या दोन दिवसांत ऐत बेन हद्दूचे मातीचे वाडे पाहिले (१९८७ पासून जागतिक वारसा, सिनेमावाल्यांचं लाडकं ठिकाण) आणि २२६० मीटर उंचीची तिश्का खिंड ओलांडली. दर तासाला बागायतदाराचा फोन वाजायचा. कारखाने नुकतेच सुरू झालेले, टोळी आली की नाही, चिटबॉयने प्लॉट पाहिला की नाही, मुकादम उचल मागतोय. ॲटलासच्या खिंडीत, थंडीने कुडकुडत, "आरं वाढं कुणाला देऊ नको" हे ओरडणारा माणूस त्या डोंगराने पहिल्यांदाच पाहिला असेल. मी हसू दाबलं. त्याने पाहिलं, आणि तोही दाबत होता.

खिंडीच्या पलीकडे काही गावांत भिंतींना तडे दिसत होते. ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री इथे ६.८ रिश्टरचा भूकंप झाला, जवळजवळ तीन हजार माणसं गेली. दगडमातीची घरं, रात्रीची वेळ. सव्वा वर्षानंतरही कुठे कुठे तंबू होते. डॉक्टर १९९३ मध्ये, शिकत असताना, किल्लारीला मदतीला गेला होता. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची ती पहाट. एकतीस वर्षांत त्याने आम्हाला त्यातलं काही सांगितलं नव्हतं. त्या रस्त्यावर त्याने गाडी थांबवायला लावली, एका मोडक्या भिंतीपाशी गेला, मातीचा ढेकूळ हातात कुस्करून पाहिला आणि परत आला. "पांढरीची माती," म्हणाला. मग माराकेशपर्यंत तो बोलत होता आणि आम्ही ऐकत होतो. ते इथे लिहीत नाही, ते त्याचं आहे.

माराकेशच्या चौकात साप, माकडं, संत्र्याचा रस, फसवणूक, सगळं यथासांग झालं. दुसऱ्या दिवशी अल-बदी राजवाडा पाहिला. सुलतान अहमद अल-मन्सूरने १५७८ नंतर बांधायला घेतला. आज नुसत्या उघड्या भिंती आणि त्यांवर करकोच्यांची घरटी. पण त्याची गोष्ट अशी की इथला संगमरवर इटलीहून आला आणि त्याची किंमत साखरेत दिली, वजनाला वजन, असं सांगतात. कारण तेव्हा मोरोक्कोच्या दक्षिणेत ऊस होता, पाटाच्या पाण्यावर चालणारे साखरेचे घाणे होते. शिशावा आणि एस्साविराकडे त्यांचे अवशेष अजून आहेत. कारखाना, पाट आणि राजवाडा! पुढच्या राजघराण्याने संगमरवर काढून नेला. ऊसही त्या भागातून गेला.

हे वाचून दाखवल्यावर बागायतदार, दोन दिवसांनी पहिल्यांदा थेट माझ्याकडे बघून, म्हणाला, "साखरेच्या वजनाला संगमरवर! आणि आम्हाला बिलाची वाट बघावी लागते." मी हसलो. मग त्या ओसाड राजवाड्याच्या पायरीवर आम्ही दोघं तासभर बसलो. काय बोललो ते काही समेट वगैरे नव्हतं. एकरी किती पाणी, ठिबकवर किती वाचतं, पोरगीच्या फीचा आकडा, माझ्या झाडांचा आकडा. आकडेच बोललो. चारीवर राहून पंधरा वर्षांत हे आकडे एकमेकांना सांगितले नव्हते.

म्हणून मी म्हणतो की असा देश असाच बघावा. टूरबरोबर गेलो असतो तर जोर्फच्या ढिगाऱ्यांपाशी दहा मिनिटं थांबलो असतो, "प्राचीन जलव्यवस्था" ऐकली असती आणि पुढे गेलो असतो. अनोळखी माणसांबरोबर असताना आपण फार शहाणे असतो. मित्रांपुढे तसं चालत नाही. आणि स्वित्झर्लंडला गेलो असतो तर भांडायला विषयच निघाला नसता.

आल्यावर घरी कळलं की मी तिकडे वाळवंट बघत होतो तेव्हा हस्त बहाराच्या बागेला रात्रीच्या विजेवर पाणी बायकोने दिलं होतं. तिलाही ओसाड बघायचं आहे, पुढच्या वेळी मी बागेत बसायचं असं ठरलं आहे.

ड्रायव्हरशी संपर्क आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याने कळवलं की दुष्काळाने मेंढ्या इतक्या घटल्या आहेत की राजाने यंदाच्या ईदला कुर्बानी देऊ नका असं आवाहन केलं आहे. त्या आषाढीला डॉक्टरने त्याला काटेवाडीचा व्हिडिओ पाठवला, तुकोबांच्या पालखीभोवती धावणाऱ्या मेंढ्यांच्या रिंगणाचा. त्याने उत्तर पाठवलं, "एवढ्या मेंढ्या, आणि कापत नाही?" मास्तरने त्याला समजावायला दोन दिवस घेतले.

राहिली चारी. २०२५ च्या मे महिन्याच्या शेवटी बारामती-इंदापुरात असा पाऊस झाला की नीरा डावा कालवाच फुटला, तेव्हा पाणी नको नको झालं. पण त्याआधी, उन्हाळी आवर्तनात, एका रात्री साडेदहाला बागायतदाराचा फोन आला. "दारं उघडून ठेव. अकराला येईल." मी बॅटरी घेऊन गेलो. अकरा वाजले, सव्वाअकरा वाजले. मग चारीत आवाज आला. तीन तास आलं आणि तुटलं. त्याने पाइप काढला होता की बाकीच्या चौदांचं त्या रात्री काही बिनसलं होतं, मी विचारलं नाही.